परतीच्या लाइनीवरचा कूलर

सकाळी ९. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजचं शटर वर करतोय तोवर वैभववाडीचे गुरुजी गाडी घेऊन दारात. २००८ची स्कोडा लॉरा, १.९ टीडीआय. करूळ घाट चढताना पावसानं रस्त्यावर आणलेला दगड पोटाखाली घासला. तेव्हापासून डिझेलचा वास येतोय, गाडी उभी केली की खाली डाग पडतोय.

"पण मिस्त्री, गाडी पळते चांगली."

पळणारच. गळती परतीच्या लाइनीवर आहे. इंजिनाला हवं ते मिळतंच आहे, वाया जातंय ते टाकीकडे परतणारं. पण घाटातल्या ओल्या वळणावर सांडलेलं डिझेल पेट्रोलसारखं उडून जात नाही. त्याचा तवंग राहतो आणि मागून येणारा मोटरसायकलवाला त्यावर घसरतो. अशी गाडी मी 'आठवड्यानं आणा' म्हणून परत पाठवत नाही.

९.३०. गाडी लिफ्टवर घेतली. खालचं प्लॅस्टिकचं कव्हर अर्धं गायब. परतीचं डिझेल थंड करणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या कूलरच्या पाकळ्या चेपलेल्या, एका नळीला नखभर चीर. नवा कूलर मागवायचा तर जुन्या मॉडेलला वाट बघावी लागणार. गुरुजींनी खिशातला प्रश्न बाहेर काढला: "गावातला एकजण म्हणाला, कूलर काढून टाका, सरळ रबरी पाइप जोडा. शंभर-दोनशेत काम."

हा सल्ला मला मनापासून खटकतो. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पंप-इंजेक्टर आहे. कॅमशाफ्ट तो दाबतो आणि डिझेलचा दाब २,००० बारच्या आसपास जातो. हेडमधून डिझेल सतत फिरत असतं. जळतं त्यातलं थोडंच. बाकीचं हेडची उष्णता घेऊन टाकीत परततं. वाटेत कूलर नसेल तर हळूहळू टाकीतलं सगळं डिझेल तापतं, आणि टाकी प्लॅस्टिकची. तापलेलं डिझेल पातळ होतं, इंजेक्टरच्या आतल्या दट्ट्याला तर वंगण त्या डिझेलचंच. शिवाय ते फुगतं, म्हणजे तेवढ्याच मापात वजनाला कमी भरतं. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, सेन्सरवरून तापमान बघून माप सुधारतो, पण किती सुधारणार? पावसाळ्यात, टाकी भरलेली असताना, यातलं काही जाणवणार नाही. एप्रिलच्या दुपारी, पाव टाकी डिझेलवर घाट चढताना जाणवेल. तोवर पाइप जोडणाऱ्याचा आणि बिघाडाचा संबंध कुणी लावणार नाही.

गुरुजी म्हणाले, "मग करा दुरुस्त."

११. खाली ट्रे ठेवला, फरशीवर भुसा टाकला. जुनी प्लॅस्टिकची कनेक्टरं पक्कडीनं ओढली की तुटतात. अंगठ्यानं कडी दाबत, पाइप आत ढकलत, सावकाश सोडवावी लागतात. माझ्या हाताखालचा पोरगा हे माझ्यापेक्षा नाजूक हातानं करतो, म्हणून त्यालाच दिलं. उघडी तोंडं लगेच बुचं लावून बंद केली.

१२. चीर सांधायची दोन गल्ल्या पलीकडच्या आर्गन वेल्डिंगवाल्या मामांकडे. मामा डिझेलचा वास असलेली वस्तू दुकानात घेत नाहीत, आणि बरोबर करतात. आत वाफ कोंडलेली असताना वेल्डिंग म्हणजे जिवाशी खेळ. गरम पाणी आणि साबणाची पावडर, पुन्हा गरम पाणी, मग कॉम्प्रेसरची हवा; वास पूर्ण जाईपर्यंत हेच. कॉस्टिक सोडा इथे चालत नाही. तो अ‍ॅल्युमिनियमच खातो, वर हायड्रोजन सोडतो.

२. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा मात्र २,००० अंशांच्या पुढे. पापुद्रा घासून न काढता टॉर्च धरली तर आतला धातू कोसळतो आणि वरचं कातडं तसंच राहतं. मामा अ‍ॅल्युमिनियमसाठी स्टेनलेसचा ब्रश वेगळा ठेवतात, लोखंडाला लावत नाहीत. पहिल्या टाक्यालाच काळा फेस आला. चिरेच्या कडेत मुरलेलं डिझेल उष्णतेनं बाहेर येत होतं.

"लेका, अजून प्यायलाय ह्यो," मामा म्हणाले. टॉर्च बाजूला, परत धुणं, परत हवा, हलकं गरम करणं. मग टाका बसला, बारीक खवल्याखवल्यांचा. अशा हाताला घाई करायला सांगू नये.

३.३०. एक तोंड बंद करून दुसऱ्यातून दोनेक बार हवा दिली आणि कूलर टबात बुडवला. टाका कोरडा, पण दोन पाकळ्यांच्या मधून एक बारीक बुडबुडा सुटत होता. दगडाचा दुसरा घाव तिथे होता, डोळ्यांना न दिसलेला. पुन्हा मामांकडे.

५. पाकळ्या पातळ पट्टीनं सरळ केल्या. त्यांच्यातून हवा गेली नाही तर कूलरचा उपयोग नाही. होज डिझेलसाठीचीच घेतली, कारण पाण्याची रबरी होज डिझेलनं फुगते. क्लिपा नव्या. खाली जाडसर पत्र्याचं गार्ड बसवलं, हवेला मोकळी वाट ठेवून.

६. इंजिन चालू. जोडांवर पांढरा कागद फिरवला, कोरडा. कळंब्यापर्यंत फेरी मारली, परत येऊन पुन्हा कागद. स्कॅनरवर डिझेलचं तापमान चढलं आणि एका जागी स्थिरावलं.

किल्ली देण्याआधी गुरुजींना गाडीखाली वाकवलं आणि जॅक लावायच्या जागांवर खडूनं खुणा केल्या. हे कूलर दगडानंच फुटतात असं नाही, जॅक चुकीच्या जागी लावल्यानंही चेपतात. म्हटलं, "गुरुजी, पंक्चर काढायला द्याल तेव्हा या खुणा आधी दाखवा."