एक खोटं, शंभर खरं

लेखमाला : पुस्तकाच्या आत – भाग ९

औंढ्याच्या नागनाथाची गोष्ट आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या लेकरांना कुणी मुद्दाम शिकवत नाही. ती कधीतरी कानावर पडते आणि राहते. संत नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, त्यांना तिथून उठवलं, ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि अख्खं देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. गोरेगावात मी ही गोष्ट अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. मोठी माणसं ती ऐकून हात जोडतात. लेकरं प्रश्न विचारतात. देऊळ फिरलं तेव्हा आत कोण होतं? समईतलं तेल सांडलं का? नंदी मागेच कसा राहिला?

हे प्रश्न अविश्वासाचे नाहीत. देऊळ फिरलं हे त्या लेकरानं कधीच मान्य केलेलं असतं, आता त्याला देवळाच्या आत जाऊन उभं राहायचं असतं. आजचा भाग अशा वाचकाबद्दल आहे. मागच्या दोन भागांत आपण रहस्यकथा पाहिली. आता तेरा ते अठरा या वयात ज्या पुस्तकांपायी जेवणाची हाक ऐकू येत नाही, त्या अद्भुत आणि विज्ञान कादंबऱ्यांकडे वळू.

एक खोटं लपवायला शंभर खोटी बोलावी लागतात, हे आपण घरोघरी सांगतो. या कादंबऱ्यांचा कायदा बरोबर उलटा आहे. इथे लेखकानं खोटं एकदाच बोलायचं आणि ते टिकवायला पुढे शंभर वेळा खरं बोलायचं. ज्यूल व्हर्नची चंद्राकडे जाणारी कादंबरी १८६५ सालची. तिचं खोटं एवढंच की, प्रचंड तोफेतून गोळा उडवून त्याच्या आत बसलेली माणसं चंद्राकडे पाठवता येतील. तशा धक्क्यानं आतली माणसं जागच्या जागी चिरडली जातील. पण हे एक मान्य केलंत की पुढे व्हर्न तुम्हाला फसवत नाही. तोफ कुठे रोवायची हे तो आकाशातल्या चंद्राच्या वाटेवरून ठरवतो, वेगाचा हिशेब मांडतो, पैसा कसा उभा राहिला तेही सांगतो. त्यानं जागा निवडली अमेरिकेतलं फ्लोरिडा, आणि गोळ्यात बसवली तीन माणसं. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ फ्लोरिडातूनच निघालं, त्यातही तिघंच होते. व्हर्न भविष्यवेत्ता नव्हता. हिशेब प्रामाणिकपणे केला की माणूस खऱ्याच्या किती जवळ जाऊन पोचतो, ते इथे दिसतं.

वाचणाऱ्या मुलाला या हिशेबातच गंमत येते. तो पानोपानी लेखकाला तपासत असतो. तू म्हणाला होतास की या जादूनं मेलेलं माणूस उठत नाही, मग आता कसं उठलं? नियम मोडलेला सापडला की त्याला राग येतो, आणि तो राग खरा असतो. शाळेत गणिताची पायरी चुकली तर न चिडणारं पोर इथे चिडतं. हे कष्ट त्याला कुणी लावून दिलेले नाहीत, म्हणून मला त्यांचं मोल जास्त वाटतं.

हा व्हर्न मराठीत आणला भा. रा. भागवतांनी. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' ही नावं नुसती वाचून पाहा. स्वारी म्हटलं की मराठी मुलाच्या कानात घोड्यांच्या टापा वाजतात, भगवा दिसतो, फौज निघते. पाताळ म्हटलं की आजीच्या गोष्टींतला बळीराजा आठवतो. फ्रान्समधली कादंबरी एका शब्दात आपल्या ओसरीवर येऊन बसते. भागवत स्वतः १९१० साली इंदूरला जन्मले. फुरसुंगीचा फास्टर फेणे त्यांनीच घडवला, आणि त्याचं ते 'ट्टॉक' आजही पन्नाशीतल्या माणसांच्या तोंडून निसटतं. फेणे काही विज्ञानकथेतला नाही, पण त्याच्या सायकलमागे धावणारा आणि व्हर्नच्या गोळ्यात बसणारा वाचक एकच. नाव देण्याची हीच किमया पुढे हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाला मिळाली. मराठीत तो 'हॅरी पॉटर आणि परीस' झाला. नामदेवांची नरसी ज्या मुलुखात आहे तिथल्या मुलाला परीस काय ते सांगावं लागत नाही. लोखंडाचं सोनं करणारा तो दगड त्यानं भजनात ऐकलेला असतो.

अद्भुताची वाट मात्र भागवतांच्याही आधीची, आपल्याच भाषेतली आहे. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ ची. नाथमाधव सिंहगडाच्या परिसरात शिकारीला गेले असताना पडले आणि कमरेखाली लुळे झाले. त्यानंतर त्यांनी लेखणी हातात धरली. ज्याला खोलीबाहेर पडणं कठीण, त्यानं मराठी वाचकांना भुयारांतून, किल्ल्यांतून आणि अद्भुतातून फिरवून आणलं. अद्भुतकथा लिहिणाऱ्या टोल्किननं १९३९ च्या एका व्याख्यानात अद्भुतकथेवरच्या पळपुटेपणाच्या आरोपाला उत्तर दिलं होतं. लढाई सोडून पळालेला शिपाई आणि तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी या दोघांना एकच समजू नका, असा त्याचा मुद्दा होता. तो वाचताना मला दर वेळी नाथमाधव आठवतात.

आता दोन इंग्रजी पुस्तकं. कुणाचं लेकरू पुण्या-संभाजीनगरला शिकायला जातं आणि दिवाळीला येताना पिशवीतून काही घेऊन येतं, तशी ती गावात येतात. सुझान कॉलिन्सची 'द हंगर गेम्स' २००८ ची. त्यातला देश बारा जिल्ह्यांत वाटलेला आहे आणि दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून चिठ्ठी काढून एक मुलगा आणि एक मुलगी जीवघेण्या खेळासाठी उचलली जाते. इथवर कुणालाही कळतं. पण कॉलिन्सनं एक बारीक तरतूद घातली आहे : गरीब घरातल्या मुलानं आपल्या नावाची जास्तीची चिठ्ठी टाकली, तर घरातल्या एका माणसाला वर्षभर पुरेल न पुरेल एवढं धान्य आणि तेल मिळतं. म्हणजे जेवढी घरात खाणारी तोंडं जास्त, तेवढं मरणाच्या डब्यात त्या मुलाचं नाव जास्त. शहरातला वाचक हे वाचून पुढे जात असेल. ज्यानं रेशनच्या रांगेत आईची पिशवी धरली आहे, ज्याच्या वर्गातली दोन मुलं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर निघून जातात, तो त्या ओळीवर थांबतो. जिल्हा हा शब्दही त्याला परका नाही. भविष्यातल्या अमेरिकेवरची ही कादंबरी मराठवाड्यात जास्त नीट वाचली जाते, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं पुस्तक अर्सुला ले ग्विनचं, १९६८ चं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. तिथली सगळी जादू नावावर चालते. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव असतं, ते ज्याला कळलं त्याची सत्ता चालते. म्हणून माणसं आपलं खरं नाव जिवापलीकडे जपतात आणि ते सांगणं म्हणजे विश्वासाची परमावधी. गेड नावाचा पोरगा केवळ ईर्ष्येपायी, बरोबरीच्या मुलाला दाखवून देण्यासाठी, नको ती शक्ती वापरतो आणि एक काळी सावली मोकळी सोडतो. उरलेलं पुस्तक त्या सावलीच्या पाठलागाचं आहे, कोण कुणाचा पाठलाग करतंय हे मधेच उलटतं. शेवट मी सांगणार नाही. नामाचं माहात्म्य ऐकत वाढलेल्या मुलाला हा नियम ओळखीचा वाटतो, आणि मग फरकही दिसतो. आपल्याकडे नाव घ्यायचं ते स्वतःला सोपवून देण्यासाठी, तिथे नाव कळतं ते ताबा मिळवण्यासाठी. हा फरक चौदा वर्षांचं पोर आपला आपण पकडतं. मी पाहिलं आहे.

मराठीत या वयासाठी मुळातून लिहिलेल्या अशा कादंबऱ्या कमी आहेत, हे दुःखानं म्हणावं लागतं. फेणे संपला की पोर एकदम 'मृत्युंजय'वर जातं. माझा तर असा समज आहे की पंधराव्या वर्षी 'मृत्युंजय' वाचणारे निम्मे वाचक ती अद्भुत कादंबरी म्हणूनच वाचतात. कर्णाची जन्मजात कवचकुंडलं, सूर्य हा पिता, शाप. ती कवचकुंडलं कातडीतून सोलून देतानाचं पान वाचताना ज्याच्या अंगावर काटा आला नाही असा माणूस मला भेटलेला नाही.

विज्ञानकथेत मात्र आपल्याला मोठा माणूस मिळाला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं एक कथा आली. नावाची आद्याक्षरं उलटी वाचली की ती जयंत विष्णु नारळीकरांची होतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. कथेचं नाव 'कृष्णविवर'. त्यानंतर 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' ही पुस्तकं आली आणि मराठी मुलांच्या दोन पिढ्यांनी खगोलशास्त्र आधी गोष्टीत वाचलं, मग पुस्तकात.

कृष्णविवर म्हणजे जिथून प्रकाशही सुटत नाही अशी जागा, जिच्याजवळ काळ मंदावतो. १९७४ मध्ये आमच्या भागात हा शब्द कुणी ऐकला असण्याचं कारण नव्हतं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मिलनातून उठलेली गुरुत्वलहर प्रथम टिपली, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली. प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल मोजेल असं ते यंत्र. तसंच यंत्र भारतात उभं करायचं ठरलं तेव्हा, जिथे जमीन फार हलत नाही अशी जागा शोधत शास्त्रज्ञ आले ते आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये लायगो-इंडियाला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. या प्रकल्पात पुण्याची आयुका ही संस्था आहे, जी नारळीकरांनी १९८८ साली उभी केली. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांत धावणारा लेसर, आणि भोवती हळदीची वावरं.

ज्या तालुक्यात देऊळ फिरल्याची गोष्ट आहे, तिथेच आता जमीन केसभरही हलू नये म्हणून धडपड चालणार आहे. हे मी कादंबरीत लिहिलं असतं तर कुणी मान्य केलं नसतं.

पालकांना एक विनंती करायची आहे. पोर असं पुस्तक वाचून उठलं की 'यातून काय शिकलास' हा प्रश्न विचारू नका. मी आठवीत असताना एका शिक्षकांनी माझ्या हातातलं 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' काढून घेतलं होतं. सुट्टीनंतर परत दिलं, पण सारांश लिहून आणायच्या अटीवर. मी सारांश लिहिला, आणि त्या वर्षी दुसरं पुस्तक वाचलं नाही. पुस्तकातून पोर स्वतःहून बाहेर येऊन काही सांगू लागेल, तेव्हा फक्त ऐकावं. मध्येच 'मग पुढे?' म्हणावं.

सुरुवात कुठून करायची, असं गेल्या आठवड्यात दोघांनी विचारलं. घरात पुस्तकांना पैसे नसतील तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. ते नोव्हेंबर १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत. गावातल्या वाचनालयात भागवत आणि नारळीकर मागून बघा, नसतील तर यादीत लिहायला सांगा. यादीत नाव चढलं की पुस्तक येण्याची वाट तरी मोकळी होते.

नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते वहीवर सही करून देत नसत. विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तराखाली सही असेल, असं सांगत. गोरेगावातल्या एका नववीतल्या मुलीला मी हे परवा सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, काका, आता ते नाहीत, पण प्रश्न तर आहे ना माझ्याकडे. काय आहे, मी विचारलं. औंढ्याचं यंत्र सुरू झाल्यावर शेजारच्या वावरात कुणी ट्रॅक्टर चालवला, तर त्यांना कसं कळणार की हलली ती जमीन की आकाश?

उत्तर आहे, आणि ते फार सुंदर आहे. एकाच वेळी दूरदूरच्या दोन वेधशाळांत तीच थरथर उमटली तरच ती आकाशाची. ट्रॅक्टर अमेरिकेत ऐकू जात नाही. पुढच्या भागात नारळीकरांची 'वामन परत न आला' उघडून बसू. तोवर ती कुणी वाचून ठेवली तर बरं होईल.