झाडं आहेत, रोपं कुठायत?

पुण्यात मुठेच्या काठी वाळुंजाची थोडी झाडं अजून तग धरून आहेत. पावसाळा सरताना त्यांची पानं गळतात, नवी पालवी फुटते आणि मग फुलोरा येतो. कापसाळलेलं बी वाऱ्यावर निघतं, पाण्यावर तरंगतं. पण या कुळातल्या बियांत जीव राहतो तो जेमतेम काही दिवस. तेवढ्यात ओला, उघडा, उन्हातला गाळ सापडला तर रोप, नाहीतर खेळ खलास.

हा गाळ आणून पसरायचं काम पुराचं. म्हणूनच नदीकाठच्या जंगलाला पायऱ्या असतात. पात्रातल्या खडकात शेरणी. लोंढा आला की आडवी होते, ओसरला की उठते. त्याच्या वर वाळुंज आणि करंज, आणखी वर जांभूळ, उंबर, अर्जुन. करंजाच्या शेंगा नि अर्जुनाची पंखांची फळं पाण्यावरून प्रवास करतात. ज्या पुराला आपण नुकसान म्हणतो, तो या रानाचा पेरणीचा हंगाम.

मुठेच्या माथ्यावर आज खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं आहेत. गाळ त्यांच्या पोटात बसतो, लहानसहान पूर तिथेच जिरतात. धरणं भरल्यावर पाणी सुटतं ते एकदम. तान्ही रोपं त्यात उपटून जातात. उरलेले आठ महिने पात्रातून वाहतं ते मुख्यतः शहराचं सांडपाणी. मोठी झाडं हे सोसतात, त्यामुळे काठ हिरवा दिसतो. उपग्रहाच्या चित्रात तर सुबाभळीची गर्दीही हिरवीच! त्यामुळे किती हेक्टर रान उरलं, या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. रानाचं वय विचारायला हवं.

पाण्याची वाट मोकळी राहिली तर काय टिकतं, ते सिंधुदुर्गात दिसतं. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे रानजायफळाची पाणथळ राई देवाच्या नावाने राखली गेली. 2021मध्ये तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघं 2.59 हेक्टर.

पुण्यात मात्र मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे 44 किलोमीटरच्या नदीसुधार प्रकल्पात काठावर भराव आणि बांध येत आहेत. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी लावू, असं उत्तर मिळतं. लावतीलही. खड्डा खणून, ठिबक जोडून लावलेलं जांभूळ जगेलही. वाळुंजाच्या बीला मात्र उतरायला उघडा गाळच लागतो, आणि दगडी पिचिंगवर तो ठरत नाही.