जिभेचें सुकाणूं

पनवेल हें एके काळीं गजबजलेलें बंदर होतें. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू होण्यापूर्वीं मुंबईचा उतारू मचव्यानें येथें येई आणि पुढें घाट चढून पुण्यास जाई. आज ती वाहतूक उरलेली नाहीं. परंतु मचवा पाहिलेल्या माणसास एक गोष्ट ठाऊक असते. शीड कितीही मोठें असो, वारा कितीही जोराचा असो, नाव कोठें लागावयाची हें पाण्यांत बुडालेलें लहानसें सुकाणूं ठरवितें. नव्या करारांतील याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत जिभेला हीच उपमा दिली आहे. तेथेंच दुसरी उपमा ठिणगीची आहे. तीही लहानच, पण अरण्य पेटविणारी.

येथें कोणी म्हणेल, ‘तर मग न बोललेलेंच बरें.’ परंतु सुकाणूं बांधून ठेविल्यानें नाव पैलतीरास लागत नाहीं. ख्रिस्ती शिकवण मौनाची नसून सत्य आणि प्रीति ह्यांच्या जोडीची आहे. प्रीतीवांचून सत्य बोचतें. सत्यावांचून प्रीतीची खुशामत होते. हीं दोन्हीं एकत्र राखणें सर्वांत कठीण जातें तें आपल्याच माणसांशीं बोलतांना. त्यांतही, जें आपणांस प्राणाहून प्रिय तेंच त्यांना अमान्य असतें तेव्हां.

ह्या कसोटीचें एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलें. कवि नारायण वामन टिळक ह्यांनीं १८९५ सालीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोंवळ्या-ओंवळ्याच्या कडक वातावरणांत वाढलेल्या. पतिपत्नींची ताटातूट झाली आणि ती कांहीं वर्षें टिकली. टिळक स्वभावानें तापट होते. लक्ष्मीबाईंनीं आपल्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या आत्मचरित्रांत तें लपविलेलें नाहीं. अशा विद्वान् माणसास पत्नीला वादांत निरुत्तर करणें मुळींच अवघड नव्हतें. परंतु संसार पुन्हां सुरू झाला तेव्हां त्यांनीं पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाहीं. तिचे आचार तिला पाळूं दिले. पुढें जातिभेदाविषयींचा लक्ष्मीबाईंचा विचार त्यांच्या स्वतःच्याच मनांत पालटला, आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला.

समाजाशीं बोलतांनाही टिळकांनीं हेंच धोरण ठेविलें. सोडलेल्या धर्माची निंदा करण्याऐवजीं त्यांनीं अभंग, भजन आणि कीर्तन ह्या मराठी माणसाच्या परिचयाच्या वाटांनीं आपली श्रद्धा सांगितली. तुकारामाविषयींचा आदरही सोडला नाहीं. ऐकणाऱ्याच्या भाषेंत बोलणें हाही दयेचाच एक प्रकार होय.

आपल्या घरीं धर्मांतराचा प्रश्न नसेल. पण मुलाचे कमी गुण, सुनेची चूक, नोकराचा उशीर हे प्रसंग रोजचेच. अशा वेळीं चुकीला चूक अवश्य म्हणावें, माणसाला नालायक म्हणूं नये. चारचौघांत न बोलतां एकांतांत बोलावें. रागाच्या भरांत लिहिलेलें पत्र एक रात्र ठेवून सकाळीं पुन्हां वाचावें. आणि आपला शब्द लागला असें दिसतांच, वडीलपणाचा मान आड येऊं न देतां, क्षमा मागावी.

टिळक १९१९ सालीं वारले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य अपुरें राहिलें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें आणि १९३८ सालीं तें प्रसिद्ध झालें. ज्या घरांत श्रद्धेपायीं ताटातूट झाली, त्याच घरांत एकाचा अर्धा राहिलेला शब्द दुसऱ्यानें पुढें नेला. वादांत मिळविलेल्या जयानें हें साधलें नसतें.