जर्मन गावांची निकडीची नोट

पाव विकत घेतला, परंतु उरलेली मोड द्यावयास दुकानात नाणेच नसेल, तर व्यवहार कसा चालावा? १९१४ साली महायुद्ध पेटताच जर्मनीत लोकांनी चांदीची नाणी घरात दडविली. पुढे तांबे व निकेल युद्धसामग्रीकडे वळले आणि बाजारात खुर्दा मिळेनासा झाला. तेव्हा नगरपालिका, कारखाने, इतकेच नव्हे तर लहान लहान गावेही आपापल्या नावाने पंचवीस, पन्नास फेनिगांच्या चिठ्ठ्या छापू लागली. (शंभर फेनिगांचा एक मार्क.) या चलनास ‘नोटगेल्ड’, म्हणजे निकडीचा पैसा, म्हणत. वस्तुतः ती गावाने लिहून दिलेली हुंडीच होती. तीवर बहुधा मुदत छापलेली असे, आणि शिवेपलीकडे तिला सहसा कोणी विचारीत नसे.

युद्ध १९१८ मध्ये संपले, तरी छपाई वाढतच गेली. हामेलनने उंदीर पळविणाऱ्या बासरीवाल्याची आपली दंतकथा नोटांवर रंगविली. विणकामाच्या बीलेफेल्डने तर रेशमावर नोटा काढल्या. हौशी संग्राहकांनी संचच्या संच घेतले, ते मुदतीत वटविलेच नाहीत, आणि ती रक्कम गावाच्या पदरी पडली. कोणी यास चातुर्य म्हणोत. परत येऊच नये या अपेक्षेने लिहिलेल्या कागदास आम्ही हुंडी म्हणणार नाही. १९२२ साली सरकारनेही या चिठ्ठ्यांस मनाई केली.

परंतु १९२३ मध्ये खुद्द मार्कच कोसळला. सरकारी छापखाना पुरा पडेना, म्हणून गावांनी पुन्हा नोटा काढल्या. त्या आता लाखांच्या आणि कोटींच्या! नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडू लागले.

आपणां धान्यवाल्यांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट याच काळातील आहे. राय हे गव्हासारखे, काळसर पिठाचे तेथील धान्य. ओल्डेनबर्ग राज्याने १९२२ च्या अखेरीस रायच्या वजनात रोखे विकले: आज १२५ किलोंची किंमत द्यावी आणि १९२७ साली १५० किलोंची घ्यावी. मार्काचा भाव संध्याकाळपर्यंत टिकत नसताना लोकांनी हे कागद खुशीने घेतले, कारण त्यांवरील आकडा तराजूचा होता. पुढे इतरत्रही असे रोखे निघाले.

१५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेंटनमार्क आला. एक लाख कोटी जुन्या मार्कांस एक नवा, असा त्याचा भाव ठरला, आणि गावोगावच्या नोटा मागे घेण्यात आल्या. त्यांतील रंगीत संच आजही संग्राहकांच्या बाजारात विकले जातात.