सुरवंटाच्या पायांचा ट्रॅक्टर

पावसाळ्याआधी वसई-विरारमध्ये नालेसफाई सुरू झाली की चिखलात बिनधास्त उतरणारा पोकलेन तुम्हीही पाहिला असेल. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, आपण ते यंत्रालाच देऊन टाकलं!) मी मात्र त्याच्या हातापेक्षा पायांकडेच बघत राहतो. कारण त्या साखळीपट्ट्यांचा इतिहास शेतातला आहे.

कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळची जमीन आपल्या खाजणासारखीच मऊ, पाणथळ. वाफेवर चालणारे अवजड ट्रॅक्टर तिथे रुतायचे. बेंजामिन होल्टने आधी चाकं खूप रुंद करून पाहिली. मग १९०४ मध्ये मागची चाकं काढून लाकडी फळ्या जोडलेले साखळीपट्टे बसवले. वजन मोठ्या जागेवर पसरलं आणि ट्रॅक्टर रुतायचा थांबला! त्याची चाल सुरवंटासारखी, म्हणून नाव पडलं ‘कॅटरपिलर’. पुढे १९२५ मध्ये होल्ट आणि बेस्ट या प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या आणि त्याच नावाची कंपनी उभी राहिली.

आपल्याकडचा अध्याय मला सगळ्यात आवडतो. स्वातंत्र्याच्या सुमारास मध्य भारतात कांस गवताने प्रचंड जमीन पडीक केली होती. मुळं इतकी खोल, की बैलांच्या नांगराला दाद देईनात. अमेरिकी सैन्याने महायुद्धानंतर मागे ठेवलेले ट्रॅक्टर घेऊन केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने ती नांगरायला घेतली. १९४९ मध्ये जागतिक बँकेने अशा यंत्रांसाठी भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं.

कुणाच्या आजोबांनी असा पट्ट्यांचा ट्रॅक्टर चालवला असेल तर जुना फोटो नक्की टाका!