कांद्यातलं क्वेरसेटिन आणि चेतापेशी

कांद्याच्या वाळक्या सालीला तपकिरी-पिवळी झाक देणाऱ्या द्रव्यांमध्ये क्वेरसेटिन नावाचं एक फ्लॅव्होनॉइड असतं. बाहेरच्या पापुद्र्यांत ते भरपूर असतं आणि गाभ्याकडे जावं तसं कमी होतं. पांढऱ्या कांद्यात तर नाममात्रच.

चेतापेशींशी त्याचा संबंध काय? मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू तो सुमारे २० टक्के वापरतो. या ज्वलनात पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांमधून आक्रमक रेणू निसटतात आणि पेशीच्या आवरणातली चरबी खराब करतात. मेलेल्या बहुतेक चेतापेशींच्या जागी नव्या येत नाहीत, म्हणून हे नुकसान महागात पडतं.

क्वेरसेटिन स्वतःचा हायड्रोजन देऊन असे रेणू शांत करतं. परीक्षानळीत हे छान दिसतं. मात्र मेंदूपर्यंत पोचणारी मात्रा इतकी थोडी असते की एवढ्यावर भागणार नाही. मला त्याची दुसरी वाट जास्त महत्त्वाची वाटते. पेशीत एनआरएफ-२ नावाचं प्रथिन असतं. एरवी कीप-१ हे दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि मोडीत काढायला पाठवतं. क्वेरसेटिनचं ऑक्सिडीकरण होऊन बनलेलं रूप कीप-१ मधल्या गंधकयुक्त जागांना चिकटतं आणि ती पकड सुटते. मोकळं झालेलं एनआरएफ-२ केंद्रकात शिरतं, तिथली ठरावीक जनुकं चालू करतं आणि पेशी ग्लुटाथायोनसारखी संरक्षक द्रव्यं स्वतःच जास्त बनवू लागते. थोडं क्वेरसेटिनही मोठं काम करू शकतं, ते असं. मात्रा फार वाढली, तर मात्र हेच द्रव्य पेशीला अपाय करतं.

आता ताटापासूनचा प्रवास. कांद्यात क्वेरसेटिन साखरेला जोडलेलं असतं. लहान आतड्यात ती साखर सुटते, आणि मग आतड्याची भिंत व यकृत त्याला लगेच दुसरे गट जोडतात. मुक्त क्वेरसेटिन रक्तात जवळजवळ उरतच नाही. त्यापुढे रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी आहेच. पेशींवर आणि उंदरांवर दिसलेला परिणाम माणसात तसाच होईल असं म्हणूनच धरता येत नाही. स्मृतिभ्रंशावरचं औषध म्हणून त्याच्या गोळ्या विकणं मला गैर वाटतं. आधीच औषधं चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत.

जेवणातल्या कांद्याला अशी अडचण नाही. उकळताना क्वेरसेटिनचा काही भाग पाण्यात उतरतो, तेव्हा ते पाणी ओतून न देता रश्शातच राहू द्यावं.