ग्रंथालयाच्या वेळा आणि त्यांची भाषा

‘ग्रंथालय १० ते ६ उघडे राहील’ हे वाक्य दारावरील पाटीवर असते, तेव्हा त्याचा अपुरेपणा कोणास जाणवत नाही. वाचणारा दाराशीच उभा असतो आणि शंका आल्यास आत डोकावतो. तेच वाक्य संकेतस्थळावर गेले की ही सोय उरत नाही. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी तर मुळातच दूर राहणारा. सुरगाण्याहून किंवा पेठहून एस.टी.ने निघून गंगापूर धरणाजवळील परिसरात येणाऱ्यास दार बंद आढळले, तर त्याचा सबंध दिवस फुकट जातो. डॉ. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याचे आहे. त्याचा पहिला प्रसंग पुस्तक हाती येण्यापूर्वीच येतो.

या वाक्यातील ‘ग्रंथालय’ हे पदच प्रथम संदिग्ध आहे. वाचनकक्ष, देवघेव विभाग आणि नियतकालिक विभाग यांच्या वेळा सहसा एक नसतात. वाचनकक्ष उघडा असूनही पुस्तक परत घेतले जात नाही, हा अनुभव पुष्कळांचा आहे. म्हणून वेळ ही इमारतीची नव्हे, सेवेची नोंदली पाहिजे.

त्याहून रंजक प्रश्न वाराचा आहे. परीक्षेच्या काळात अभ्यासिका ‘रविवारी रात्री २ पर्यंत’ उघडी असेल, तर मराठी भाषकाच्या मनात ती वेळ रविवारचीच असते. पंचांगातील वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो आणि बोलण्यातही तीच जाणीव टिकून आहे. संगणकाची तारीख मात्र मध्यरात्रीच बदलते. शोधयंत्रांसाठी २०११ साली सुरू झालेल्या ‘स्कीमा’ या शब्दसंग्रहात यावर तोड आहे : बंद होण्याची वेळ उघडण्याच्या वेळेहून लहान असल्यास ती दुसऱ्या दिवसाची समजावी. हा संकेत आपल्या बोलण्याशी जुळतो, हा योगायोगच!

‘दुसरा व चौथा शनिवार बंद’ हा नियम मात्र या शब्दसंग्रहातील साध्या साप्ताहिक नोंदीत मावत नाही. त्या तारखा अपवाद म्हणून स्वतंत्र भराव्या लागतात. १९९८ च्या ‘आय-कॅलेंडर’ पद्धतीत तो थेट सांगता येतो. नियमालाही आयुष्य असते. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. असा बदल झाला की ‘केव्हापासून’ हे न सांगणारी पाटी खोटी ठरते. अपवाद तर नियमाहून चंचल असतात : चंद्रदर्शनावर अवलंबून असलेली ईदची सुटी ऐनवेळी सरकते आणि सिंहस्थाच्या पर्वणीस नाशिकमधील वाहतूकच वळविली जाते.

यास्तव नियम एकदाच, मुदतीसह लिहावा. अपवाद तारखेसह वेगळे लिहावेत. आणि दोन्ही एकाच जागी ठेवून दारावरील पाटी, संकेतस्थळ व नकाशा यांनी तेथूनच वेळा घ्याव्यात. गूगलच्या नकाशावर तर कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो, तेव्हा तेथील वेळ ग्रंथपालाने अधूनमधून पाहणे इष्ट. रिकामी जागा म्हणजे ‘बंद’ असेही वाचकाने समजू नये; सुटी असल्यास ‘बंद’ हा शब्द स्पष्ट लिहावा आणि शेजारी नोंद शेवटी तपासल्याची तारीख द्यावी.